दोरी नसलेली पायपिंग

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर मी मागणीप्रमाणे मोटारींची लहान मॉडेल्स बनवतो. बाहेरचा रंग आणि चकाकी यांपेक्षा माझा वेळ गाडीच्या आतच अधिक जातो, म्हणजे सीटा, दारांची आतली बाजू, छताचे अस्तर आणि पायाखालचे मॅटिंग यांवर. एका प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत हे आतले काम मला दोनदा करावे लागले. त्याचे कारण ज्या दिवशी कळले, त्या दिवसाविषयी हे लिहितो आहे.

मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. त्यानंतर काही महिन्यांतच पाचपाखाडीच्या एका बाईंनी मला फोन करून १:२४ प्रमाणातली पद्मिनी टॅक्सी करून मागितली. त्यांच्या वडिलांचे मुलुंड चेकनाक्याजवळ गाड्यांच्या सीटा शिवण्याचे दुकान होते आणि शेकडो पद्मिनींना त्यांनी आतून सजवले होते. सीटा लाल रेक्झिनच्या, पुढची सीट अख्खी आणि गिअर स्टिअरिंगखाली हवा, एवढेच त्यांनी नीट बजावले होते.

लहान प्रमाणात खरा कपडा कधीही खरा दिसत नाही, हा या कामातला पहिला धडा आहे. एक मिलिमीटर जाडीचे रेक्झिन मॉडेलच्या सीटवर चिकटवले, तर ते २४ मिलिमीटर जाड गादीसारखे दिसते. शिलाईचा चार मिलिमीटरचा टाका मॉडेलमध्ये एका मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढा होतो आणि रेक्झिनवरचा दाणा तर ०.०४ मिलिमीटरवर येतो. हातभर अंतरावरून आपल्या डोळ्याला साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळे ओळखता येत नाही. म्हणून दाणा कोरायचा नसतो, त्याच्यामुळे उजेड कसा पसरतो तेवढेच दाखवायचे असते. मी थ्री-डी प्रिंटरवर रेझिनमध्ये थराथराने छापलेल्या सीटांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर दिला, लाल रंगाचे तीन सूक्ष्म फरक एअरब्रशने एकात एक मिसळले, खाचांतून पातळ तपकिरी तैलरंग ओघळू दिला आणि बसून बसून गुळगुळीत झालेल्या जागी किंचित चकाकीचे वॉर्निश, तर उरलेल्या भागावर मंद वॉर्निश दिले. पायपिंग म्हणजे सीटच्या कडेची जाड गोट ही एका बारीक कुंचल्याची फिकट रेघ होती. मॅटिंगसाठी मात्र फ्लॉकची, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या तंतूंची भुकटी गोंदावर चाळली आणि त्यावर धूळ बसावी म्हणून खडूची तपकिरी पूड घासली. वॉर्निश मारल्यावर खडू विझून जातो, म्हणून ती पूड मी तशीच सोडली होती. काम मनासारखे झाले होते, हे मी आजही म्हणेन.

ठरलेल्या दिवशी बाई रिक्षातून वडिलांना घेऊन आल्या. लोखंडी जिना त्यांना जमणार नाही म्हणून मीच मॉडेल घेऊन खाली, शेजारच्या लेथवाल्याच्या बाकावर गेलो. "अण्णांना काचबिंदूमुळे दिसत नाही, हे फोनवर सांगायचं राहूनच गेलं," बाई म्हणाल्या. मी काय बोलावे ते मला सुचेना. छप्पर लोहचुंबकावर बसवलेले होते, ते काढून मी गाडी त्यांच्या हातात दिली.

अण्णांनी आधी चाकांमधले अंतर बोटांनी मापले. त्यानंतर उजव्या हाताची करंगळी पुढच्या सीटवर ठेवून ती सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेली, परत आणली आणि विचारले, "ही सीट कोणी शिवलीच नाही का?"

ते खरेच होते. मी डोळ्यांसाठी जे जे केले होते, ते बोटाला रंगाच्या एका सपाट थराखेरीज काहीच नव्हते. पायपिंगच्या जागी त्यांनी नख टेकवले आणि म्हणाले, "इथे काही उठावच नाही. आतली दोरी घालायची राहिली." सीटच्या पाठीवर ते थांबले आणि तिथे आडव्या बारीक रेघा लागतात म्हणाले. हे मला अधिक झोंबले, कारण त्या रेझिनच्या छपाईचे ०.०५ मिलिमीटरचे थर होते, प्रायमरखाली बुजले असे समजून मी सोडून दिलेले. भिंगातून मला न दिसलेले बोटाने सरकता सरकता शोधले होते. मॅटिंग तेवढे त्यांना पटले, पण हात उचलला तेव्हा बोटाला खडूची पूड लागलेली होती. माझी सगळी जुनी धूळ त्यांच्या बोटावर आली होती. "माझ्या दुकानातून गाडी धूळ घेऊन कधी बाहेर पडली नाही," असे म्हणून त्यांनी ती धोतराला पुसली.

बाई अवघडल्या आणि आहे तशीच गाडी घेऊन जाते म्हणाल्या. मी पंधरा दिवस मागून घेतले, पण अण्णांना लगेच जाऊ दिले नाही. लेथवाल्याकडचा चहा येईपर्यंत त्यांनी सांगितले की टॅक्सीच्या सीटवरचे उभे पट्टे साधारण दोन इंची असत, कारण त्याहून रुंद ठेवले की मधले रेक्झिन झोळ खाते आणि अरुंद ठेवले की शिलाई वाढून मजुरी अंगावर येते. त्या संध्याकाळी हिशोब केला, तेव्हा दोन इंच १:२४ मध्ये दोन मिलिमीटरच्या जरा वर येत होते. ब्रेलच्या एका अक्षरातले ठिपके एकमेकांपासून जवळपास अडीच मिलिमीटरवर असतात. म्हणजे पट्ट्यांचे खरे अंतर बोटाला कळण्याजोगे मुळातच होते. खोटे बोलायचे होते ते फक्त खोलीत. ब्रेलचा ठिपका अर्धा मिलिमीटर उंच असतो, तेवढीच खाच मी धरली. खऱ्या गाडीत ती १२ मिलिमीटरची झाली असती, ही सवलत मी घेतली.

सीट एपॉक्सी पुटीची नव्याने घडवली. तिच्यावर बसवायला विजेच्या वायरींवर गुंडाळतात ती लाल चिकटपट्टी घेतली, कारण रेक्झिनही कापडावरचे पीव्हीसीच असते आणि या पट्टीची जाडी ०.१३ मिलिमीटरच्या आसपास असते. ती ताणून खाचांत बसते आणि बोटाला गारही लागते. तिचा मूळ गोंद उन्हाळ्यात सुटतो, म्हणून तो थिनरने पुसून काढला आणि दुसरा लावला. पायपिंगसाठी अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार पट्टीखाली घातली. सीटच्या दर्शनी रूपाविषयी म्हणाल, तर ती पहिलीपेक्षा वाईट होती. ताणलेल्या पट्टीची चकाकी प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी दिसत होती आणि मंद वॉर्निश तिच्यावर टिकेना.

दुसऱ्या खेपेला अण्णांनी पट्टे मोजले, ते बरोबर भरले. मग पायपिंगवरून बोट फिरवत ते ड्रायव्हरच्या बाजूच्या कोपऱ्यावर अडले. तारेची दोन टोके मी तिथे जुळवली होती आणि डोळ्यांना तो सांधा अजिबात दिसत नव्हता.

"सांधा मागे घ्यायचा," ते म्हणाले. "ड्रायव्हर इथून चढतो, त्याची मांडी रोज इथेच घासते. महिन्यात उसवेल."

या सीटवर कोणी कधी बसणार नव्हते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते. मी त्यांना चहा सांगितला, सीट घेऊन वर गेलो, पट्टी उचकटली आणि तार पाठीमागच्या मध्यावरून पुन्हा फिरवली.