बेअरिंग चांगलं होतं

गाडी परत आली तेव्हा मालक चिडलेले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं. "तोच आवाज आहे हो," एवढंच म्हणाले. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आठच दिवसांपूर्वी मी बदलून दिलं होतं.

त्या वेळी ट्रायल मारली होती आमच्या गॅरेजमधल्या पोराने. "मागून आवाज येतोय, बेअरिंग गेलंय," म्हणाला आणि मी हो म्हटलं. वास्तविक गेलेलं बेअरिंग घुमतं. वेग वाढेल तसा त्याचा सूर चढतो, वळणावर त्या बाजूला वजन आलं की आवाज मोठा होतो. ब्रेक दाबा नाहीतर सोडा, त्याला काही देणंघेणं नसतं. हा आवाज तसा नव्हताच. गाडी हळू होऊन थांबायला आली की टक्... टक्... एवढंच.

या वेळी स्टेअरिंगवर मीच बसलो. मोकळ्या रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने सोडली, ब्रेकला पाय लावला नाही, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो अगदी हलका ओढला. टक्! या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रममधलेच लायनर दाबतो (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, लायनर म्हणजे त्याला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे), म्हणजे पुढच्या चाकांचा प्रश्न मिटला. मग टायरवर खडूची रेघ मारली आणि पोराला बाजूने चालत फेऱ्या मोजायला लावलं. वाकडं झालेलं किंवा चिकटलेलं काही असतं तर दर फेरीला एकदा वाजलं असतं. इथे कधी तीन फेऱ्यांनी, कधी पाच. चाकाच्या फेरीशी मेळच नाही.

सहज म्हणून रिव्हर्स टाकला आणि तसाच हँडब्रेक ओढला. डावीकडचा आवाज बंद झाला आणि उजवीकडून सुरू झाला. मी गाडी तिथेच थांबवली.

दोन्ही ड्रम उतरवले. आतला पृष्ठभाग नवा, चकचकीत. खिळ्याचं टोक हलकेच आत टेकवलं आणि ड्रम सावकाश फिरवला. खिळा आपोआप बाहेरच्या कडेकडे सरकत गेला, स्क्रूच्या आट्यांवरून जावा तसा. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, ड्रमला आतून कट घेताना लेथवाल्याने टूल भराभर पुढे नेलं होतं, त्याचे आटे ड्रममध्ये राहिले होते. ब्रेक लागला की लायनर त्या आट्यांत अडकून बॅकप्लेटपासून, म्हणजे त्याच्या मागच्या न फिरणाऱ्या तबकडीपासून, लांब ओढला जायचा आणि त्याला धरून ठेवणाऱ्या पिनेच्या स्प्रिंगचा ताण पुरेसा झाला की सुटून मागे आपटायचा. टक्! दोन्ही ड्रम एकाच लेथवर कापलेले, म्हणून आटेही एकाच दिशेचे. पण दोन्ही ड्रमची तोंडं एकमेकांसमोर असतात, त्यामुळे गाडी पुढे जाताना डाव्या बाजूचा लायनर बाहेर ओढला जातो, उजव्या बाजूचा बॅकप्लेटवरच दाबला जातो. रिव्हर्सला उलट.

ड्रमवर ओतीव अक्षरांत जास्तीत जास्त व्यास दिलेला असतो, तो आधी मोजून पाहिला. अजून कापायला जागा होती. समोर उभं राहून एकदम बारीक, सावकाश कट घ्यायला लावला, वरून पॉलिश पेपर आडवा-तिडवा फिरवून आट्यांची दिशाच मोडली. पिना आणि स्प्रिंगा नव्या टाकल्या. आवाज गेला. बेअरिंगचे पैसे परत केले.

पण मन शांत होत नाही. मालक पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "लायनरचं काम झाल्यापासून येतोय." ते काम आमचंच. ड्रम लेथवर पाठवले मी, आल्यावर आतून बोट फिरवून "छान झालेत" म्हणालो तेही मीच. गिऱ्हाईक पार्टचं नाव चुकेल, पण आवाज केव्हापासून येतो हे सहसा चुकत नाही. आमच्या जॉबकार्डावर तक्रारीला एक ओळ आहे, 'केव्हापासून' याला जागाच नाही. लेथवाला चांगला कारागीर आहे, फक्त घाईत असला की त्याला फिनिश दिसत नाही. फोन केला तर म्हणाला, "आजवर कुणी तक्रार केली नाही."

रात्री जुनी जॉबकार्डं काढली. त्याच आठवड्यात त्याच्याकडून आणखी दोन जोड ड्रम आले होते. दोघांनाही फोन लावला. एकाकडे काही त्रास नाही. दुसरे म्हणाले, "आवाज होता ना. बाहेरून बेअरिंग बदलून घेतलं, तरी येतोच."

उद्या सकाळी गाडी घेऊन या, म्हटलं.