पाळीच्या तारखेवर बेतलेला परदेशप्रवास

परदेशी जायचे म्हटले की आधी तारीख ठरते आणि मग तिकीट निघते; हिस्टेरोस्कोपीसाठी निघालेल्या बाईची तारीख मात्र तिचे शरीर ठरवते, आणि तेही ऐन वेळी. गर्भाशयाचे अस्तर दुर्बिणीने आतून पाहण्याची ही तपासणी रक्तस्राव थांबल्यानंतरच्या लगेचच्या दिवसांत, म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजल्यास साधारण 6व्या ते 12व्या दिवसाच्या दरम्यान केलेली बरी असते. तेव्हा अस्तर पातळ असते, बारीकसा पॉलिपही (अस्तरातून वाढलेला मांसल कोंब) त्यात लपून राहत नाही आणि गर्भधारणेची शक्यताही फारच कमी असते. मला ही तपासणी सांगितली गेली ती पाळी अनियमित झाली म्हणूनच. जिची पाळी वेळेवर येत नाही, तिनेच पाळीचा हिशेब धरून व्हिसा, तिकीट आणि रुग्णालयाची वेळ यांची मोट बांधायची, असा तो मामला होता.

त्यासाठी परदेशी कशाला, हा प्रश्न जवळच्या प्रत्येकाने विचारला आणि तो रास्तच होता. पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेमुळे माझे गर्भाशयमुख अरुंद झालेले होते, नेहमीच्या जाडीची दुर्बीण आत जाऊ शकली नव्हती आणि संपूर्ण भूल शक्यतो टाळावी असे भूलतज्ज्ञांचे मत पडले होते. त्यामुळे जिथे बारीक दुर्बिणीने, रुग्ण जागी असताना, बाह्यरुग्ण विभागातच ही तपासणी रोज केली जाते, अशा ठिकाणी जाण्याचा सल्ला मिळाला. इटलीतील बारी येथील स्तेफानो बेत्तोक्की आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1997 मध्ये या पद्धतीविषयी लिहिले होते. तिच्यात स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारे उपकरण, लावत नाहीत, गर्भाशयमुख चिमट्याने पकडत नाहीत. सलाइनच्या दाबाने वाट उघडत दुर्बीण पुढे नेतात. आता ही पद्धत अनेक देशांत रुळलेली आहे आणि मी गेले तो विभागही तीच वापरत होता.

रुग्णालयाने कळवले की रक्तस्राव सुरू होईल त्या दिवशी फोन करा, त्यानंतरच्या आठवडाभरात तुम्हाला वेळ देऊ. व्हिसाच्या अर्जाला मात्र येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही तारखा हव्या होत्या. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेऊन सगळेच मुठीत आणावे, असे मला वाटणे स्वाभाविक होते. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ते ठामपणे नाकारले. या गोळ्यांतल्या प्रोजेस्टोजेन या संप्रेरकामुळे अस्तराचे रूपच पालटते, मग जे पाहायला जायचे तेच बदललेले दिसते आणि बायोप्सीचा तुकडा पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचे कामही अवघड होते. शिवाय नॉरएथिस्टेरॉनचा, म्हणजे या गोळ्यांत सहसा असणाऱ्या प्रोजेस्टोजेनचा, काही अंश शरीरात गुठळीचा धोका वाढवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकात रूपांतरित होतो, आणि लांबच्या विमानप्रवासाला निघालेल्या बाईच्या रक्ताची गुठळी होण्याची शक्यता आणखी वाढवण्यात शहाणपण नाही, हे त्यांचे दुसरे कारण होते. तेव्हा परतीची तारीख बदलता येईल असे महागडे तिकीट काढायचे, पाळीच्या अंदाजाच्या बरेच आधी पोहोचायचे आणि तिथेच वाट पाहायची, एवढाच मार्ग उरला. प्रवासविम्याचा यात काही उपयोग नव्हता, कारण ठरवून घेतलेले उपचार सामान्य प्रवासविम्यात बसत नाहीत.

सामानात कपड्यांपेक्षा कागदांची काळजी अधिक होती. जुन्या सोनोग्राफींचे अहवाल, एमआरआयची सीडी, आधीच्या बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक हे सगळे मी हातातल्या बॅगेत ठेवले. स्लाइड तडकू शकतात, आणि मेणात बसवलेला तो नखाएवढा तुकडा हरवला तर त्या वेळचा पुरावाच गेला. प्रयोगशाळेकडून ब्लॉक मिळवायला लेखी अर्ज लागतो आणि त्यात बराच वेळ जातो, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. प्रत्येक कागदावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, हेही तपासून घेतले. शेवटच्या पाळीची तारीख आकड्यांत लिहू नका, महिना अक्षरांत लिहा, अशी सूचना रुग्णालयाने आवर्जून केली होती. 4/5 म्हणजे कुणाच्या लेखी 4 मे, तर कुणाच्या लेखी 5 एप्रिल, आणि ज्या तपासणीत एकेका दिवसाला किंमत आहे तिथे हा महिनाभराचा घोळ परवडणारा नव्हता.

विमानात बसण्यापूर्वी हिमोग्लोबिन पाहून घेतले होते. विमानाच्या आतला हवेचा दाब सुमारे 2400 मीटर उंचीवरच्या दाबाइतका खाली जाऊ शकतो, आणि महिनोन्‌महिने रक्त जाऊन थकलेल्या शरीराला तो सोसेल ना, हा विचार आधी करावा लागतो. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायातल्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. तो धोका मुळात लहान असला तरी मी दाबमोजे घातले आणि मार्गिकेजवळची जागा मागून घेतली. स्वच्छतागृह जवळ असणे हेही त्या जागेचे निम्मे कारण होते. बाकी प्रवासात सांगण्यासारखे काही नाही.

पोहोचल्यावरचे वाट पाहणे मात्र विलक्षण होते. लोक परदेशात जाऊन स्थळे पाहतात आणि मी खोलीत बसून पोटात कळ येते का, याचा अंदाज घेत होते. एरवी जिचे येणे नकोसे वाटे, तिची इतक्या आतुरतेने वाट मी पूर्वी कधीच पाहिली नव्हती. मधूनच थोडासा डाग दिसे, तेव्हा ही पाळीची सुरुवात मानायची की नेहमीचा अवेळी स्राव, हे ठरेना. रुग्णालयातील परिचारिकेने फोनवर सांगितलेली कसोटी सोपी होती: पॅड लागेल इतका स्राव ज्या दिवशी होईल, तो पहिला दिवस. अखेर तो दिवस उजाडला आणि मला वेळ मिळाली.

तपासणीच्या तासभर आधी सांगितल्याप्रमाणे दाहशामक वेदनाशामक गोळी घेतली. लघवीची गर्भचाचणी झाली, मग रुग्णालयाच्या दुभाषी बाई आल्या आणि त्यांच्यामार्फत संमतीपत्राचा प्रत्येक परिच्छेद मला ऐकवला गेला. अशा वेळी नातेवाइकाने भाषांतर करण्यापेक्षा तटस्थ दुभाषी असणे मला फार बरे वाटले, कारण लैंगिक संबंध, गर्भपात असे प्रश्न नात्यातल्या माणसासमोर मोकळेपणाने ऐकवतही नाहीत आणि सांगवतही नाहीत. गर्भाशयाला छिद्र पडणे ही गुंतागुंत निव्वळ तपासणीत हजारात एखाद-दुसऱ्या वेळीच घडते, हे त्यातच कळले. तुम्ही हात वर केलात की मी थांबेन, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवले आणि पडदा मला दिसेल असा वळवला.

दुर्बीण जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची होती. सलाइन वाहू लागले तसा कोमट ओलावा मांड्यांवरून खालच्या पिशवीत उतरू लागला, आणि पडद्यावर गुलाबी, पन्हळीसारख्या वळ्यांची एक नळी दिसू लागली; ती माझी गर्भाशयमुखाची वाट होती. तिच्या आतल्या टोकाशी दुर्बीण अडली. बाई घाई न करता थांबून राहिल्या, पाण्याच्या दाबाला त्याचे काम करू दिले, दुर्बीण किंचित फिरवली. तिचे टोक 30 अंशांनी तिरपे पाहते, त्यामुळे वाट पडद्याच्या मधोमध न ठेवता थोडी कडेला ठेवून पुढे सरकावे लागते, हे त्यांनीच नंतर समजावले. त्या क्षणी पाळीतल्या सर्वांत वाईट कळेसारखी कळ आली, कपाळाला घाम फुटला, हात उचलावासा वाटला. परंतु तेवढ्यात समोर एकदम मोकळी जागा उघडली आणि कळ ओसरली. दोन्ही कोपऱ्यांत बीजवाहिन्यांची काळसर तोंडे दिसली. मागच्या भिंतीवर, सोनोग्राफीत नुसती जाडी म्हणून नोंदवलेल्या जागी, देठावरचा एक लहान पॉलिप सलाइनच्या प्रवाहात हलत होता आणि त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक रक्तवाहिन्या स्पष्ट मोजता येत होत्या. दियोमेदे पँतालेओनी या इटालियन वैद्याने 1869 मध्ये रक्तस्रावाने त्रासलेल्या 60 वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयात डोकावून नोंदवले होते तेही पॉलिपच, आणि त्याने तो सिल्व्हर नायट्रेटने डागला होता. माझा पॉलिप त्याच दुर्बिणीतून घातलेल्या बारीक कात्रीने देठाशी कापून चिमट्याने बाहेर काढला गेला. अस्तराचा वेगळा नमुनाही घेऊन दोन्ही फॉर्मेलिनच्या डब्यांत गेले. कापताना वेदना नव्हती, कारण पॉलिपला स्वतःची अशी फारशी संवेदना नसते.

उठून बसल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. गर्भाशयमुख ताणले गेल्यावर नाडी मंदावून असे होऊ शकते, म्हणून पाय वर करून पुन्हा झोपवले गेले आणि थोड्याच वेळात बरे वाटले. पुढे काही दिवस पाणचट लालसर स्राव राहिला. तोवर टॅम्पॉन, पोहणे आणि शरीरसंबंध टाळायचे होते. 38 अंशांपेक्षा जास्त ताप, दुर्गंधी किंवा वाढता रक्तस्राव दिसल्यास त्वरित यायचे होते. लगेच विमान न धरता थोडे थांबण्याचा सल्ला मी याच कारणाने मानला, कारण असे काही उद्भवलेच तर ते आकाशात असताना उद्भवू नये.

निघताना इंग्रजी अहवाल आणि पडद्यावरची छायाचित्रे पेनड्राइव्हवर मागून घेतली. पॅथॉलॉजीचा निकाल परतल्यानंतर ईमेलने आला: पॉलिप साधा, अस्तरात कर्करोगपूर्व बदल नाहीत. माझ्या डॉक्टरांनी तरीही नवा ब्लॉक मागवून जुन्या स्लाइडशेजारी ठेवून पाहायचे ठरवले आहे, आणि रक्तस्राव आटोक्यात येतो का हे पाहण्यासाठी पुढच्या काही पाळ्यांची नोंद ठेवायला सांगितले आहे. ती नोंद मी महिना अक्षरांत लिहूनच ठेवते आहे.