घोडबंदर रस्ता ते जांभळी नाका : पडद्यांचे उंची कापड आणि गोंडे-झालरींच्या शोधात

मानपाड्याजवळ वहिनींनी घेतलेल्या घराच्या बैठकीच्या खोलीची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. समोर येऊरचे डोंगर दिसतात, पावसाळ्यात वारा थेट आत येतो आणि उन्हाळ्यात दुपारी तीननंतर सूर्य खोलीच्या मध्यापर्यंत पोहोचतो. या खिडकीचे पडदे, जुन्या सागवानी सोफ्याचे नवे कापड आणि पलंगाच्या डोक्याकडच्या गादीदार फळीचे आवरण अशी तीन कामे घेऊन आम्ही ठाणे आणि वाशी येथील बाजार पालथे घातले. त्याच कामासाठी निघणाऱ्यांना उपयोगी पडेल असा तपशील येथे देत आहे.

घराबाहेर पडण्यापूर्वीचे काम मोजमापाचे असते आणि ते शिंप्यावर सोपवून निर्धास्त राहू नये. पडद्यासाठी खिडकीचे माप उपयोगाचे नसते. दांडी किंवा ट्रॅक जेवढा लांब असेल तेवढी लांबी आणि तेथून जमिनीपर्यंतची उंची घ्यावी. आमचा ट्रॅक ७२ इंच आणि तयार पडद्याची उंची ९६ इंच होती. जड पडद्याला चुण्या नीट पडण्यासाठी कापडाची एकूण रुंदी ट्रॅकच्या दोन ते अडीच पट लागते. सव्वादोन पटीने हिशेब केला तर १६२ इंच होतात, म्हणजे ५४ इंच पन्ह्याच्या कापडाचे बरोबर तीन पट्टे. वरची पट्टी आणि खालची दुमड यांसाठी १२ इंच धरले की प्रत्येक पट्टा १०८ इंचांचा होतो आणि एकूण सव्वाआठ मीटर कापड पुरते. मात्र हे गणित साध्या कापडाचे झाले. नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल, तर शेजारच्या पट्ट्यांवरील फुले एका रेषेत जुळण्यासाठी प्रत्येक पट्टा १२० इंचांचा कापावा लागतो आणि तेच काम सव्वानऊ मीटरच्या आसपास जाते. मीटरला दोन-तीन हजार रुपये भाव असलेल्या कापडात हा फरक किरकोळ नसतो. म्हणून नक्षीची पुनरावृत्ती किती इंचांची आहे, हे भावाच्या आधी विचारावे. ते बहुधा कॅटलॉगच्या मागच्या बाजूला छापलेले असते.

आतल्या पारदर्शक पडद्याचा हिशेब निराळा आहे. हे कापड ११० किंवा ११८ इंच पन्ह्याचेही मिळते. ते आडवे फिरवून वापरले, म्हणजे पन्हाच पडद्याची उंची झाला, तर मध्ये एकही जोड येत नाही. अडीच पट चुण्यांसाठी आम्हाला पावणेपाच मीटर कापड पुरेसे झाले. त्याच्या खालच्या दुमडीत वजनाची बारीक दोरी घालून घ्यावी. येऊरकडून वारा सुटला की तिची उपयुक्तता कळते.

मापे हाती घेऊन आम्ही प्रथम घोडबंदर रस्त्यावरील दालनांत गेलो. कापूरबावडीपासून पुढे दोन्ही बाजूंना गृहसजावटीची बरीच दालने आहेत. देशी गिरण्यांबरोबर युरोपीय कंपन्यांचेही कॅटलॉग तेथे पाहायला मिळतात. दुकानात माल थोडाच असतो. नमुन्यांच्या पुस्तकातून निवडायचे आणि मागवलेले कापड काही दिवसांनी कंपनीच्या गोदामातून येते, अशी पद्धत आहे. हे पुस्तक अनामत ठेवून एका रात्रीसाठी घरी नेऊ देतात. ही सवलत मागून घ्यावी, कारण दालनातला प्रकाश आणि घरातला प्रकाश सारखा नसतो. दालनात बहुधा ३,००० ते ४,००० केल्विनचे पिवळसर दिवे असतात, तर आपल्याकडे अनेक घरांत ६,५०० केल्विनचा पांढराशुभ्र प्रकाश असतो. तेथे शॅम्पेन रंगाचे वाटलेले एक कापड वहिनींच्या घरी हिरवट राखाडी दिसले. दुसरे, जे दुकानात आम्ही जवळजवळ बाजूला सारले होते, ते संध्याकाळच्या उन्हात उठून दिसले आणि शेवटी तेच घेतले. नमुना टेबलावर आडवा ठेवून पाहू नये. पडद्याचे कापड खिडकीत उभे धरून, मागून प्रकाश येत असताना पाहावे आणि सोफ्याचे कापड सोफ्याच्या हातावर टाकून पाहावे.

सोफ्याच्या कापडासाठी कॅटलॉगच्या मागचा ‘मार्टिनडेल’ हा आकडा वाचावा. कापडाचा तुकडा ठरावीक दाबाखाली लोकरी कापडावर घासत राहतात आणि धागे तुटू लागेपर्यंतचे फेरे मोजतात, तो हा आकडा. घरातल्या नेहमीच्या वापराला १५,००० ते २५,००० पुरतात. मुले उड्या मारणार असतील तर २५,०००च्या पुढचे घ्यावे. अमेरिकी कॅटलॉगांत वायझेनबीक चाचणीचे ‘डबल रब्ज’ दिलेले असतात. दोन्ही चाचण्यांची रीत वेगळी असल्यामुळे त्यांच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नये. पडद्याच्या कापडाला या आकड्याशी कर्तव्य नाही, त्यामुळे विक्रेत्याने तो तेथे पुढे केला तर ऐकून घ्यावे आणि उन्हात रंग किती टिकतो ते विचारावे.

रेशमाचा प्रश्न येथेच निघाला. वहिनींना रॉ सिल्कचे पडदे हवे होते आणि विक्रेताही त्याच बाजूचा होता. माझे मत मात्र स्पष्ट आहे : ठाण्यात पश्चिमेच्या खिडकीला खरे रेशीम लावू नये. थेट उन्हाने रेशमाचे तंतू कुजतात आणि काही वर्षांत कापड चुणीच्या काठावरच उभे फाटते. ते लावायचेच असेल, तर मागे पूर्ण अस्तर आणि मध्ये सुती थर द्यावा लागतो. त्यापेक्षा डुपियन या गाठीदार धाग्याच्या रेशमी कापडासारख्या पोताचे चांगले पॉलिएस्टर खिडकीला लावावे आणि खरे रेशीम उशांच्या अभ्ऱ्यांना किंवा पलंगाच्या फळीला, जेथे ऊन पोहोचत नाही तेथे वापरावे. आम्ही तसेच केले. रेशीम म्हणून पैसे देत असाल, तर शुद्ध रेशमाची सिल्क मार्क ही खूण पाहावी किंवा काठाचे दोन धागे मागून घरी जाळून पाहावेत. रेशीम जळलेल्या केसासारखा वास देते आणि त्याची राख बोटाने चुरडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. लिननही आमच्या दमट हवेत थोडे ताणते व आखडते. म्हणून त्याचे पडदे आठवडाभर टांगून ठेवल्यावर मगच खालची दुमड पक्की शिवावी. या गोष्टीला बरेच शिंपी नाखूश असतात, पण आग्रह धरावा.

राममारुती रस्ता आणि गोखले रस्ता हे भाग स्थानकापासून पायी हिंडण्याचे आहेत. तेथे गाडी नेण्याचा विचार करू नये, कारण जागा शोधण्यात खरेदीची वेळ निघून जाते. या बाजूची दुकाने लहान, पण कापड ठाणातून उलगडून दाखवणारी आहेत आणि मखमल पाहायला हाच मार्ग योग्य आहे. मखमलीवर हात वरून खाली फिरवावा आणि मग उलटा. एका दिशेला ती गुळगुळीत व उजळ दिसते, दुसऱ्या दिशेला गडद. ज्या बाजूला लव झुकते ती सर्व तुकड्यांत एकच हवी, नाहीतर एकाच सोफ्याच्या दोन बैठका दोन रंगांच्या वाटतात. यामुळे कापड थोडे जास्त लागते आणि ते कारागिराला आधीच सांगावे. तीन आसनी सोफ्याला रचनेनुसार साधारण १० ते १४ मीटर कापड लागते. सुती मखमलीचा रंग खोल दिसतो, पण बसल्याच्या खुणा राहतात. पॉलिएस्टर मखमल पुसता येते. आमच्याकडे रोज माणसांचा राबता असल्यामुळे दुसरी घेतली. घरात मांजर असेल, तर शेनीलसारखे उंच धाग्यांचे कापड मुळीच घेऊ नये.

वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येते आणि स्थानकापासून सेक्टर १७ला रिक्षा मिळते. तेथील दुकानांत निवड घोडबंदरसारखीच आहे, त्यामुळे ठाणेकराने केवळ कापडासाठी जाण्याचे कारण नाही. भाव पडताळण्यासाठी मात्र ती फेरी उपयोगी पडली, कारण कॅटलॉगचे नाव आणि क्रमांक हाती असले की तेच कापड दुसरीकडे कोणत्या भावाने मिळते ते पाच मिनिटांत कळते. वाटेत तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेले आयकियाचे मोठे दालन लागते. दांड्या, हुक आणि साधे आतले पडदे यांसाठी ते ठीक आहे.

गोंडे, झालरी आणि दोऱ्यांसाठी आम्ही ठाण्याच्या मुख्य बाजारपेठेत, जांभळी नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांत गेलो. लेस, बटणे आणि अस्तराची दुकाने तेथे एकमेकांना लागून आहेत. घोडबंदरच्या दालनांतही हा माल असतो, पण युरोपीय कंपनीच्या गोंड्यांच्या एका जोडीचा भाव ऐकून वहिनींनी पुस्तक मिटले. बाजारात काय पाहावे हे ठाऊक असेल, तर तितकाच देखणा माल बराच कमी पैशांत मिळतो.

गोंडा हातात घेऊन आधी वजन करावे. लाकडी गोळ्यावर धागा गुंडाळलेला गोंडा जड असतो आणि सरळ लोंबतो. प्लॅस्टिकच्या गोळ्याचा गोंडा पंख्याच्या वाऱ्याने फिरत राहतो. खालचे धागे बोटांत पसरून पाहावेत. ते विरळ असतील आणि आतला गोळा दिसत असेल, तर कारागिराने धागा वाचवला आहे. धागा बहुधा व्हिस्कोसचा असतो. तो रेशमासारखा चमकतो, पण ओला झाला की कमजोर होतो आणि गडद असेल तर रंगही सोडतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने तो घासून पाहू द्यावा, असे दुकानदाराला सांगावे. आमच्या किरमिजी गोंड्याने रुमाल गुलाबी केला, तेव्हा तो तेथेच ठेवला.

सोनेरी किनारीबाबत अधिक जपावे. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली नकली जरतार खाडीलगतच्या दमट हवेत काळी पडते. त्याऐवजी धातूचा थर दिलेल्या पॉलिएस्टर धाग्याची किनार घ्यावी. तिची चमक किंचित भडक असते, पण मळकट सोन्याचा रंग निवडला तर ती खुपत नाही. सुती गोट पॉलिएस्टरच्या पडद्यावर शिवायचा असेल, तर तो आधी भिजवून वाळवावा. पहिल्या धुण्यात गोट आखडतो, पडदा आखडत नाही आणि सगळ्या काठाला सुरकुत्या पडतात.

सोफ्यासाठी दोरी घेताना तिला एका बाजूने शिवलेली कापडी पट्टी आहे का ते पाहावे. पट्टी शिवणीत जाते आणि दोरी बाहेर राहते. पट्टी नसलेली दोरी हाताने टाचावी लागते आणि ती मजुरी दोरीपेक्षा महाग पडते. खिळे किंवा स्टेपल झाकण्यासाठी चपटा नक्षीदार गोट मिळतो, तो गोंदाने न चिकटवता टाचून घ्यावा. सोफ्याच्या पायथ्याशी लांब झालर परदेशी छायाचित्रांत शोभते. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने लादी पुसली जाते, त्यामुळे ती आठवड्याभरात मळते. लावायचीच असेल, तर जमिनीपासून दोन इंच वर थांबवावी. पडदाही त्याच कारणाने जमिनीच्या अर्धा इंच वरच असावा.

लेसचे माप काढताना पडद्यांचे आतले उभे काठ तेवढे धरावेत, आमच्या हिशेबाने तेथेच ती दिसते. खालच्या काठाला लावलेली नजरेस पडत नाही आणि लवकर खराब होते. पडदा बांधण्याचा हुक उंचीच्या वरून सुमारे दोन-तृतीयांशावर बसवावा. जड गोंड्याचा हुक जिप्समच्या पट्टीत टिकत नाही, भिंतीतच घ्यावा.

शिवणकामाला वहिनींच्या ओळखीचे एक वयस्क कारागीर मिळाले. त्यांनी मापे पाहून पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : “ताई, अस्तरात पैसे वाचवाल तर वरचं कापड जाईल.” ते खरे आहे. उंची कापड आणि अपुऱ्या चुण्या असलेला, अस्तराविना लोंबणारा पडदा केविलवाणा दिसतो. मध्यम भावाचे कापड भरपूर चुण्या, चांगले अस्तर आणि नेटकी किनार यांसह श्रीमंत दिसते. म्हणून आम्ही मीटरचा भाव एक पायरी खाली आणला आणि वाचलेले पैसे अस्तर, मजुरी आणि गोंड्यांवर घातले. प्रकाश पूर्ण अडवणारे, तीन थरांचे लेपन असलेले अस्तर झोपण्याच्या खोलीला घ्यावे. बैठकीला प्रकाश मंद करणारे पुरते. हे अस्तर पडद्याला शिवून न टाकता त्याच ट्रॅकवर वेगळ्या हुकांनी टांगावे. लेपन दमटपणाने सुटू लागले, तर तेवढेच बदलता येते.

सोफ्यावरील उशांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू या विणलेल्या कापडाचा विचार करावा, असे सुचवेन. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने उमटवलेली त्याची नक्षी परदेशी ब्रोकेडच्या शेजारी कमी वाटत नाही. खणाच्या उशाही देखण्या होतात, मात्र परंपरागत खणाचा पन्हा अरुंद असल्याने मोठ्या उशीला जोड द्यावा लागतो. त्या जोडावर सुती दोरी घातली की तो दोष न राहता नक्षी होतो.

कापड दुकानात आले की कापण्यापूर्वी ठाण पूर्ण उलगडून उजेडात पाहावे, कारण कापलेले कापड परत घेत नाहीत. कापडाची सर्व ठाणे एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, आहेत याची खात्री करावी आणि लॉट क्रमांक पक्क्या बिलावर लिहून घ्यावा. गणपती ते दिवाळी या काळात चांगला शिंपी हाताशी लागत नाही, म्हणून मे महिन्यात मापे देऊन पावसाळ्यात शिवून घेणे सोयीचे. उरलेले कापड घडी न घालता नळीवर गुंडाळून घरी आणावे. पुढे दुरुस्तीसाठी तोच रंग त्याच लॉटमध्ये मिळत नाही.