दोन होमब्र्यूंपैकी जुने उतरवले

दिवाळी अंकांच्या जीर्ण प्रतींचे टेसरॅक्ट या प्रोग्रामने ओसीआर (म्हणजे पानाच्या प्रतिमेतून मजकूर वाचून घेणे) करण्याच्या आपल्या उद्योगात या आठवड्याचे काम साफसफाईचे होते. इंटेल मॅकवरून एम१ मॅकवर मायग्रेशन असिस्टंटने सारा पसारा आणताना जुने होमब्र्यूही (टर्मिनलमधून सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन) 'यूएसआर/लोकल'मध्ये जसेच्या तसे उतरले होते. ॲपल सिलिकॉनसाठीचे, म्हणजे एम१सारख्या ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठीचे, होमब्र्यू मात्र 'ऑप्ट/होमब्र्यू'मध्ये राहते, त्यामुळे टेसरॅक्ट दोन झाले आणि जुने रोझेटाच्या, म्हणजे इंटेलसाठीचे प्रोग्राम नव्या चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीच्या, आधाराने चालत राहिले.

होमब्र्यूची अधिकृत अनइन्स्टॉल स्क्रिप्ट चालवणे सोपे आहे; खरे काम तिच्याआधीचे आहे, कारण 'ब्र्यू' ही होमब्र्यूची आज्ञा; ब्र्यू गेल्यावर ब्र्यूलाच काही विचारता येत नाही. म्हणून प्रथम 'ब्र्यू बंडल डंप'ने सर्व पॅकेजांची यादी ब्र्यूफाइलमध्ये घेतली आणि 'ब्र्यू सर्व्हिसेस'मधून पोस्टग्रेस हा डेटाबेस थांबवला. पोस्टग्रेसचा डेटा 'व्हार' फोल्डरमध्ये असतो, त्याचा थांबवण्याआधीच घेतलेला पूर्ण डंप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एसएसडीवर ठेवला. मराठीसाठी स्वतः प्रशिक्षित केलेली फाइल 'शेअर/टेसडेटा'मध्ये होती, तीही तिथेच हलवली. कास्कने (होमब्र्यूचा खिडकीवाली ॲप्स बसवण्याचा भाग) बसवलेली ॲप्सही याच वेळी काढावीत, कारण स्क्रिप्ट कास्कचे 'कास्करूम' फोल्डर पुसते, पण ॲप्लिकेशन्समधील ॲप तसेच राहते.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. एम१ मॅकवर स्क्रिप्ट आपणहून 'ऑप्ट/होमब्र्यू' निवडते, म्हणजे विचार न करता ती चालवली तर चांगले ते जाते आणि नको ते उरते. 'पाथ' हा पर्याय देऊन 'यूएसआर/लोकल' स्पष्ट सांगावे लागते, आणि आधी 'ड्राय-रन' (काहीही न पुसता केलेली चाचणी) करून काय काय पुसले जाणार आहे ती यादी वाचावी. ती लांबलचक आणि कंटाळवाणी असते, तरीही वाचावी.

स्क्रिप्टने शेवटी न पुसलेल्या फाइलींची यादी दाखवली. ती डोळे झाकून डिलीट करण्यासारखी नाही, कारण 'यूएसआर/लोकल'वर फक्त होमब्र्यूचीच मालकी नसते. नवे टर्मिनल उघडताच 'यूएसआर/लोकल/बिन/ब्र्यू' सापडत नसल्याची तक्रार आली. टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या झेडप्रोफाइल या फाइलमधील, ब्र्यूला हाक मारणारी जुनी शेलएन्व्ह ओळ काढल्यावर ती थांबली. लाँचएजंट्समध्ये (आपोआप सुरू होणाऱ्या सेवांचे फोल्डर) 'होमब्र्यू' नावाची प्लिस्ट, म्हणजे सेवेची सेटिंग फाइल, उरली नाही ना, तेवढे पाहून घेतले.

पायथनची जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (एका कामापुरती वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी) अपेक्षेप्रमाणे मोडली, कारण तिचा दुवा काढून टाकलेल्या पायथनकडे होता. ती दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. नवी तयार केली असून प्रतिमा सरळ करण्याची स्क्रिप्ट तीत चालते आहे.