विमान कंपनीचे सॉफ्टवेअर केंद्र आणि त्यातले काम

एखादी विमान कंपनी परदेशात सॉफ्टवेअर केंद्र उघडते, तेव्हा बातमीत नोकऱ्यांचा आकडा सर्वांत ठळक असतो. ऐरोलीत नोकरी करणारा माझा भाचा अशाच एका केंद्रात मुलाखतीला जाणार आहे. आकड्यापेक्षा तिथे कोणते काम येणार, हे त्याने आधी विचारावे, असे माझे मत आहे.

विमान कंपन्यांनी सुरुवातीला परदेशी पाठवले ते कारकुनी काम. अमेरिकन एअरलाइन्सने १९८३ मध्ये बार्बाडोसला केंद्र काढले आणि वापरलेल्या तिकिटांची कूपने विमानाने तिथे नेऊन त्यांची नोंद सुरू केली. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत काढलेल्या केंद्राची पुढे डब्ल्यूएनएस ही स्वतंत्र कंपनी झाली. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांच्या विमानांनी प्रवास झाला, तर भाड्यातला कोणाचा वाटा किती, हे ठरवण्यात ठाण्यातल्या माझ्या पिढीतल्या अनेकांच्या रात्रपाळ्या गेल्या. काम किचकट होते, पगारही बरा होता. मात्र नियम ठरवणारे दुसरीकडे बसत आणि आम्ही ते लावत असू.

आयर्लंडच्या रायनएअर या विमान कंपनीने डब्लिनच्या मुख्यालयाबाहेर पोलंडमधल्या व्रोत्सवाफला आणि नंतर माद्रिदला जी केंद्रे काढली, त्यांचे स्वरूप वेगळे आहे, कारण कंपनीची वेबसाइट आणि ॲप घडवण्याचे काम तिथले तिचेच अभियंते करतात.

त्याहून अवघड आहे ते कर्मचाऱ्यांच्या ड्यूट्या लावणारे सॉफ्टवेअर. समजा, जुलैच्या पावसात विमान तीन तास अडकले आणि वैमानिकाची ड्यूटीची मर्यादा संपली, तर बदली वैमानिक लागतो. त्याची विश्रांती पूर्ण झालेली असावी लागते आणि तो त्याच शहरात असावा लागतो. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीच्या यंत्रणेला हे गणित पेलले नाही. कोणता कर्मचारी कुठे आहे, हे फोनवर विचारण्याची वेळ आली आणि १६ हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली.

असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला कंपनीची उड्डाणे आणि ड्यूट्या सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातल्या माणसाशी थेट बोलता आले पाहिजे. मधल्या तीन व्यवस्थापकांमार्फत आलेल्या मागणीपत्रकावर ते काम भागत नाही. म्हणून भाच्याला मी पगाराच्या आधी दोन प्रश्न विचारायला सांगितले आहेत: रात्री दोनला यंत्रणा अडली, तर बदलाचा निर्णय इथला अभियंता घेणार की मुख्यालय, आणि नवीन माणसाला पहिल्या वर्षात कक्षात बसवतात का?