लोकेटरने पाईप दिसत नाही, हे मला उशिरा कळलं

नवी पाण्याची लाईन टाकायची होती आणि जमिनीखाली आधीचं काय काय पुरलंय ते कुणालाच धड माहीत नव्हतं, नकाशा होता पण जुना, म्हणून लोकेटर, म्हणजे जमिनीखालच्या लाईनी शोधायचं मशीन, भाड्याने आणलं. मला वाटायचं मशीन फिरवलं की पाईप दिसतो. कसलं काय! ते पाईप बघतच नाही, केबलमधून नाहीतर लोखंडी पाईपमधून करंट जात असेल तर त्याचं मॅग्नेटिक फील्ड तेवढं पकडतं.

पहिला अख्खा दिवस पॉवर मोडवर, म्हणजे चालू विजेच्या केबलचा 50 हर्ट्झ करंट शोधत फिरलो. एक केबल सापडली, नकाशातली दुसरी काही केल्या लागेना. नाहीच आहे असं समजून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी ट्रान्समीटर काढला, तो लाईनमध्ये आपलाच सिग्नल सोडतो. लोखंडी पाईपच्या व्हॉल्व्हवरचा रंग खरवडून क्लिप लावली, अर्थिंगची सळई लाईनला काटकोनात लांब ठोकली (जवळ ठोकलेली चालत नाही, ते करून बघितलं) आणि 33 किलोहर्ट्झ सोडले. सिग्नल एकदम दणदणीत, मी खूश, पण पीक (सिग्नल सगळ्यात जोरात) दाखवतंय एका जागी आणि नल (सिग्नल सगळ्यात कमी) त्याच्या फूटभर बाजूला, खरं तर दोन्ही लाईनच्या बरोबर वर यायला हवेत. दोन्ही जुळत नसतील तर फील्डमध्ये दुसरं कुणीतरी घुसलंय समजायचं. फ्रिक्वेन्सी जास्त असली की सिग्नल शेजारच्या लाईनवर उडी मारतो, म्हणून 512 हर्ट्झवर आलो तर दोन्ही खुणा एकाच रेषेत. मग तो शेजारी कोण? इलेक्ट्रिशियनला बोलावून पॅनलपाशी केबलभोवती सिग्नल सोडणारा क्लॅम्प बसवला (चालू केबलला थेट क्लिप कधीच लावू नका) तर तीच, कालची 'नसलेली' केबल! तिच्यावर लोडच नव्हता, मग पॉवर मोडला दिसणार कुठून.

पीव्हीसीच्या ड्रेनेजने मात्र छळलं. प्लास्टिकमधून करंट जात नाही. जीपीआर (जमिनीत बघणारा रडार) फिरवून बघितला, पण खाली ओली चिकणमाती, स्क्रीनवर नुसता चिखल. शेवटी चेंबरमधून रॉडला सोंड (sonde, सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर) बांधून आत ढकलली आणि वरून तिच्या मागे मागे चालत चुन्याने खुणा केल्या.

लोखंडी पाईपची खोली मशीनने 90 सेंमी सांगितली. रिसीव्हर अर्धा मीटर वर उचलून परत बघितलं, 1.4 मीटर, म्हणजे आकडा बरोबर. तरी जेसीबी लांबच ठेवला आणि हाताने खड्डा घेतला. 82 सेंमीवरच फावडं ठण्ण वाजलं. मशीन खोली सांगतं ती पाईपच्या मध्यापर्यंतची, आणि आमचा पाईप सहा इंची.