माथा ते पायथा, व्हाया माझे फोड

मामाच्या गावी, माण तालुक्यात, आज सहालाच कुदळ हातात घेतली. आठपर्यंत तळहाताला फोड! शेजारच्या आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, तुम्ही नुसती घमेली द्या."

काम सलग समतल चरांचं, म्हणजे डोंगरउतारावर एकाच पातळीत खणायच्या लांब खाचांचं. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधलेली. दोन्हीकडची पातळी जुळली की तिथे खुणेला पांढरी फक्की. उताराला आडवा चर, म्हणजे पाऊस पळत नाही, मुरतो. सुरुवात माथ्यापासून, ओढ्यातला बंधारा शेवटी, नाहीतर तो गाळानेच भरतो. (बंधाऱ्यावर नावाची पाटी लावता येते, चरावर नाही. असो.)

चहाला वाद पेटला तो बोअरवरून. हिवरे बाजार गावात शेतीला बोअर घेत नाहीत, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, असं कुणीतरी काढलं. दोन बागायतदार एकदम गप्प. उद्या येतात का बघू.